‘ओके’ या शब्दाबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात इंग्रजी संभाषण शिकवताना अवघड शब्दांवर फारसे प्रश्न येत नाहीत. ते डिक्शनरीत बघून मुलं मोकळी होतात. प्रश्न येतात ते रोज तोंडात असलेल्या शब्दांवर, आणि त्यात ‘ओके’चा नंबर पहिला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गारमेंट कारखान्यातले सुपरवायझर, पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांची शिकलेली मुलं, जुळे सोलापुरातले निवृत्त क्लार्क, सगळेच कधी ना कधी याच शब्दापाशी अडतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ओके हे नेमकं कशाचं लघुरूप आहे?

‘ऑल करेक्ट’चं. म्हणजे ‘सगळं बरोबर’. यावर वर्गात लगेच हात वर होतात, कारण ऑलचं स्पेलिंग ए पासून सुरू होतं आणि करेक्टचं सी पासून. मग लघुरूप ‘एसी’ व्हायला हवं होतं. शंका अगदी रास्त आहे, आणि खरी गोष्ट त्या चुकीच्या स्पेलिंगमध्येच आहे.

१८३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. साध्या वाक्प्रचारांची लघुरूपं करायची आणि तीही मुद्दाम अडाण्यासारखी स्पेलिंगं धरून. ‘ऑल राइट’चं त्यांनी ‘ओ.डब्ल्यू.’ केलं, म्हणजे राइट हा शब्द डब्ल्यूपासून लिहिला. ‘नो यूज’चं ‘के.वाय.’ केलं. त्याच चालीवर ‘ऑल’मधला ए काढून ओ घातला, ‘करेक्ट’मधला सी काढून के घातला, आणि झालं ‘ओ.के.’.

हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतो तो २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. चार्ल्स गॉर्डन ग्रीन हे त्याचे संपादक. थट्टेखोर मंडळींच्या एका मंडळाबद्दलचं छोटंसं स्फुट होतं आणि त्यात जाता जाता ‘ओ.के.’ लिहून पुढे ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही केला होता. खुलासा करावा लागला, यावरूनच दिसतं की तेव्हा तो वाचकांच्या ओळखीचा नव्हता.

आज आपली पोरं मेसेजमध्ये स्पेलिंगची मोडतोड करतात म्हणून घरोघरी बोलणी खातात. मला त्या पोरांची बाजू घ्यावीशी वाटते. जगातला सगळ्यात जास्त चालणारा इंग्रजी शब्द अशाच मोडतोडीतून आलेला आहे.

त्या वेळची बाकीची लघुरूपं कुठे गेली? हे एकच का टिकलं?

बाकीची वर्षा-दोन वर्षांत विरून गेली. ओकेला मात्र लगोलग एक निवडणूक मिळाली. १८४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, त्यामुळे समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणायचे. त्याची आद्याक्षरंही ओ आणि के! समर्थकांनी न्यूयॉर्कात ‘ओ.के. क्लब’ काढला. ‘आमचा माणूस ओके’, म्हणजे आमचा माणूस किंडरहूकचा आणि सगळं बरोबर असलेला, असा दुहेरी अर्थ.

विरोधकांनीही तेच अक्षर उचललं. व्हॅन ब्युरेन यांच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड लिहिता येत नव्हतं, म्हणून ते कागदांवर ‘ऑल करेक्ट’च्या जागी ओ.के. मारायचे, अशी कंडी पिकवली. कंडी खोटी होती, पण शब्द गावोगाव पोचला. व्हॅन ब्युरेन ती निवडणूक विल्यम हेन्री हॅरिसन यांच्याकडून हरले. शब्द राहिला.

पुढे त्याला कामाला लावलं ते तारयंत्राने आणि रेल्वेने. १८४४ मध्ये मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार पाठवून दाखवली, आणि नंतरच्या दशकांत तारमास्तरांमध्ये ‘संदेश नीट मिळाला’ हे कळवायला ओके रूढ झाला. दोन अक्षरांत काम होतं, वेळ वाचतो, आणि पलीकडच्याला शंका राहत नाही. थट्टा म्हणून जन्मलेला शब्द असा पोच देण्याच्या कामी आला. त्याच्या आजच्या वागण्याचं मूळ मला तरी या पोच देण्यातच दिसतं. त्याबद्दल पुढे येईलच.

व्हॉट्सअॅपवर तर वेगळंच येतं. ‘युद्धात शून्य मेले’ म्हणून ओके, असं?

‘झिरो किल्ड’ची ती गोष्ट, म्हणजे शून्याचा ओ आणि किल्डचा के, ऐकायला छान वाटते, पण तिला आधार नाही. अशा बऱ्याच व्युत्पत्त्या फिरत असतात. ग्रीक भाषेत ‘ओला काला’ म्हणजे ‘सगळं छान’, त्यावरून. अमेरिकेतल्या चोक्तॉ आदिवासींच्या ‘ओके’सारख्या शब्दावरून. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या ‘वाव के’वरून. स्कॉटलंडच्या ‘ओख आय’वरून. यातली चोक्तॉवाली इतकी पसरली होती की राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन ती खरी मानून कागदांवर शेवटी एच लावलेलं स्पेलिंग लिहायचे.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक अॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून चाळून बोस्टनचं ते स्फुट आणि त्याच्या आगेमागेची सगळी लघुरूपं शोधून काढली. १९६३-६४ मध्ये त्यांचे लेख ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात आले आणि अभ्यासकांमधला वाद बहुतेक मिटला. नुसता आवाज जुळला म्हणजे नातं जुळत नाही. शब्द कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणाच्या लिखाणात आहे ते दाखवावं लागतं. रीड यांनी ते दाखवलं.

मराठीतल्या ‘ओकणे’शी याचा काही संबंध?

अजिबात नाही. गरळ ओकणे, आग ओकणे यातला धातू आपला. ‘ओकंबोकं’ हा शब्दही आपलाच. गळ्यात काही नसलं की आजी म्हणते ना, ‘गळा कसा ओकाबोका दिसतोय!’ त्याचं अनेकवचन ‘ओकेबोके’ झालं तरी त्यातला ओके बोस्टनचा नाही.

ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ का लिहितात?

हा प्रश्न सोलापुरात येणारच. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, सगळीकडचे रस्ते इथे मिळतात. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पाच-पन्नास ट्रकच्या पाठी वाचून होतात.

‘हॉर्न प्लीज’चा अर्थ सरळ आहे: पुढे जायचं असेल तर हॉर्न द्या. मधल्या ‘ओके’बद्दल मात्र तीन कथा सांगतात. युद्धकाळात डिझेलच्या टंचाईमुळे रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांवर ‘ऑन केरोसिन’ची आद्याक्षरं लिहायचे, ही एक. टाटांच्या ओके नावाच्या साबणाची ती जाहिरात होती, ही दुसरी. ‘ओव्हरटेक’चं लघुरूप घासून ओके उरलं, ही तिसरी. तिन्ही सांगोवांगी आहेत. कोणतीही एक खरी म्हणून मुलांना शिकवू नका.

पक्कं काय ते इतकंच की महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने एप्रिल २०१५ अखेर व्यापारी वाहनांवर हे वाक्य लिहायला बंदी केली. कारण हे की, त्याने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. बाहेरच्या राज्यांतले ट्रक येतात, त्यांच्यावर अजूनही ते दिसतं.

सोलापुरात हा शब्द एवढा का रुजला?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

या शहरात एका गल्लीत चार भाषा राहतात. मराठी आहे. कन्नड आहे, आणि ती पाहुणी म्हणून आलेली नाही, सिद्धेश्वराच्या काळापासून इथलीच आहे. तेलंगणातून हातमाग घेऊन आलेल्या पद्मशाली समाजामुळे पूर्व भागात तेलुगू आहे. शिवाय दखनी वळणाची उर्दू-हिंदी. होकार द्यायचा तर कन्नडवाला ‘सरि’ म्हणतो किंवा ‘आयतु’, म्हणजे ‘झालं’. तेलुगूवाला म्हणतो ‘सरे’. उर्दूवाला ‘ठीक है’. आपण ‘बरं’, ‘चालतंय की’. बाजारात, कारखान्यात, रिक्षात या चौघांना दिवसभर एकमेकांशी बोलायचं असतं. मग असा एक शब्द लागतो जो यातल्या कुणाच्याच घरचा नाही. ओके तसा आहे. तो वापरल्याने कुणी कुणाच्या भाषेत गेलं असं होत नाही आणि कुणाला कमीपणाही येत नाही.

एखाद्या टर्किश टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलापाशी उभं राहून बघा. वर ट्यूबलाइट, खाली लांबलचक टेबल. बाई टॉवेल झटकून पसरवते आणि दोन्ही तळवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवते. कुठे फंदा ओढला गेलाय, कुठे मागाच्या तेलाचा डाग आहे, कुठे काठाची शिलाई सुटलीय, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. नग बरा असला की ‘ओके’ म्हणून उजवीकडे. खोट असली की ‘सेकंड’ म्हणून डावीकडे. घरी ती तेलुगू बोलते, मुकादम कन्नड बोलतो, मालक मराठी किंवा मारवाडी, पण टेबलावर चालतात ते हे दोनच शब्द. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवरही निळ्या पेनाने ‘ओके’ असं दोन रोमन अक्षरांत लिहिलेलं असतं. ज्या बाईला इंग्रजी वाचता येत नाही तीही ते अक्षर चित्रासारखं ओळखते.

विडी कारखान्यात मात्र ओके इतका शिरला नाही. तिथे नापास झालेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात आणि छाट किती निघाली यावर बाईची मजुरी ठरते. जुन्या धंद्याला स्वतःचे शब्द होते, ते टिकले. टॉवेल आणि युनिफॉर्म बाहेरच्या बाजारपेठेला जायला लागले, बाहेरचे खरेदीदार आले, त्यांच्या तपासणीच्या याद्या आल्या, तिथे ओके आला. शब्द कुठे बसतो आणि कुठे नाही, हे असं धंद्याच्या वाटेने बघितलं की समजतं.

ओके म्हणजे ‘उत्तम’ की ‘चालण्यापुरतं’?

इथे मराठी आणि इंग्रजीची वाट वेगळी होते, आणि सोलापूरच्या निर्यातदारांनी हे नीट समजून घ्यायला हवं.

आपण ‘एकदम ओके’ म्हणतो तेव्हा आपल्याला ‘फर्स्ट क्लास’ म्हणायचं असतं. लग्नात जेवण कसं होतं? एकदम ओके. नवी गाडी कशी चालते? एकदम ओके. हे कौतुक आहे. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याने ‘इट वॉज ओके’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘बरं होतं, काही खास नाही’ असा असतो. जेवणाबद्दल म्हणाला तर यजमानाने समजावं की पाहुण्याला फार आवडलेलं नाही.

आता परदेशी खरेदीदाराने टॉवेलचा नमुना बघून मेलमध्ये लिहिलं की क्वालिटी ओके आहे. आपल्याकडे ऑफिसात पेढे वाटायची तयारी सुरू. पण त्याने कौतुक केलेलं नाही. ‘नापास करण्यासारखं काही नाही’ एवढंच तो म्हणालाय. कदाचित पुढच्या ऑर्डरला तो दुसरा पुरवठादार बघतही असेल. अशा वेळी ‘काय आणखी सुधारलं तर तुम्हाला आवडेल?’ असं सरळ विचारावं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. त्याने पाठवलेला नवा नमुना तुम्हाला मनापासून आवडला असेल तर ‘ओके’ लिहून थांबू नका. त्याला वाटेल तुम्ही नाक मुरडलंत. ‘एक्सलंट’ म्हणा, ‘व्हेरी गुड’ म्हणा.

मग ‘एकदम ओक्के’ हे मराठी की इंग्रजी?

आता मराठीच म्हणावं लागेल. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून केलेलं फोनवरचं बोलणं जून २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरलं. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ आणि पुढे ते ओके. राजकारण बाजूला ठेवून भाषेकडे बघा. सांगोला आपल्याच जिल्ह्यातलं. तिथला माणूस निसर्ग बघून हरखतो आणि त्याला जो शब्द सुचतो तो ओके. पुस्तकी इंग्रजीत हा शब्द हरखून जायला कधीच पुरला नसता. आपण त्यात क ला क जोडला, आवाज चढवला आणि ‘सगळं बरोबर’च्या जागी ‘सगळं झकास’ भरलं.

मराठीने त्याला व्याकरणही दिलं आहे. ‘साहेबांनी फाइल ओके केली’, ‘बिल ओके झालं’, ‘मुंबईहून ओके आला’, ‘तब्येत ओके आहे’, ‘सगळं ओकेमध्ये आहे’. ‘ओके आला’ म्हणताना आपण त्याला पुल्लिंगी नाम करून टाकतो. कुणी नियम शिकवला नाही, तरी ‘ओके आली’ असं सोलापुरात कुणी म्हणत नाही. शेवटच्या वाक्यातल्या ‘ओकेमध्ये’ला तर इंग्रजीत जोडच नाही. म्हणून ते इंग्रजी बोलताना शब्दशः उचलू नका, ‘एव्हरीथिंग इज ओके’ एवढं पुरे.

समोरच्याने ‘ओके’ म्हटलं म्हणजे मान्य केलं की नुसतं ऐकलं?

तारमास्तरांचं मघाशी सांगितलं ते यासाठी. या शब्दात पोच आणि होकार दोन्ही दडलेले आहेत आणि त्यातला कोणता ते शब्द स्वतः सांगत नाही. धंद्यातली निम्मी भांडणं इथूनच निघतात असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

नेहमीचा प्रसंग बघा. व्यापारी मेसेज करतो: ‘सूत महागलंय. पुढच्या गठ्ठ्यापासून डझनाला दहा रुपये वाढवून लावतोय.’ गिऱ्हाईक उत्तर देतो: ‘ओके.’ व्यापारी समजतो दर ठरला. गिऱ्हाईक समजतो की मी फक्त वाचलं असं कळवलंय, दराचं नंतर बघू. महिन्याने बिल हातात पडतं आणि मग दोघेही मोबाईल पुढे करून तोच एक शब्द एकमेकांना दाखवतात. दोघेही खोटं बोलत नसतात.

कायद्याच्या नजरेतून बघायचं तर भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार स्वीकृती निःसंदिग्ध आणि बिनशर्त असावी लागते. ती मेसेजवरून देता येत नाही असं नाही. वाद झाला तर आधीचे व्यवहार कसे व्हायचे हेही बघितलं जातं. कॅनडाच्या सॅस्काचेवान प्रांतातला २०२३ चा एक निकाल जगभर गाजला. जवस विकणाऱ्या शेतकऱ्याला खरेदीदाराने कराराचा फोटो पाठवून तो पक्का करायला सांगितलं, शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. नंतर माल दिला नाही. त्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे फक्त ‘मिळालं’. न्यायालयाने बघितलं की याआधीचे त्याचे करार ‘ओके’ किंवा तसल्याच एखाद्या छोट्या शब्दावर पक्के झाले होते आणि त्याने मालही दिला होता. मग या वेळी अंगठा म्हणजेही होकारच, असं ठरवून ८२ हजार डॉलरांच्या वर भरपाई लावली.

तो निकाल तिकडचा, आपल्यावर बंधनकारक नाही. पण सवय लावून घ्यायला हरकत नाही. फक्त वाचलं असेल तर ‘मिळालं, बघून कळवतो’ लिहा. मान्य असेल तर ‘दर मान्य, माल पाठवा’ लिहा. चार अक्षरं जास्त टाइप होतील, पण बिलाच्या दिवशी चहा शांतपणे प्याल.

मोठ्या माणसांना ‘ओके’ म्हणणं उद्धटपणाचं आहे का?

शब्द उद्धट नाही, पण तो कोरडा आहे. आजी म्हणाली, ‘उद्या लवकर ये रे, गड्ड्याच्या जत्रेला जायचंय,’ तर ‘ओके’ म्हणून फोन ठेवणं तिला लागतं. ‘बरं आजी, येतो’ म्हटलं की तेच उत्तर, पण त्यात तिचं नातं आलं आणि तुमचं येणंही आलं. नुसत्या ओकेत यातलं काहीच नसतं.

सासूबाई, मामा, गुरुजी, शेजारचे काका यांच्याशी ‘हो’, ‘बरं’, ‘चालेल’, ‘येतो’ हेच वापरावं असं मी आग्रहाने सांगते. मित्रामित्रांत ‘ओके बे’ चालतंय. ऑफिसात वरिष्ठांनी काम सांगितलं तर ‘ओके सर’ला कुणाची हरकत नसते, पण कधीपर्यंत करणार तेही जोडलंत तर त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

मेसेजमध्ये याचे आणखी फाटे फुटलेत. पूर्ण ‘ओके’ ठीक. नुसतं ‘के’ पाठवलं की तरुण मंडळी रुसतात, त्यांना तो राग वाटतो. ‘ओके’च्या पुढे पूर्णविराम दिला तरी तसंच. पन्नाशीच्या पुढची माणसं मात्र पूर्णविराम शाळेत शिकवलेला म्हणून देतात. मुलांनो, बाबांच्या ‘ओके.’ मध्ये राग शोधू नका.

मोबाईलच्या, कॉम्प्युटरच्या बटणावर ओके कुणी आणलं?

अॅपल कंपनीत लिसा नावाचा कॉम्प्युटर तयार होत होता तेव्हाची गोष्ट सांगतात. हा कॉम्प्युटर १९८३ मध्ये बाजारात आला. आधी त्या बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असं लिहिलं होतं. चाचणीला बसवलेल्या माणसांपैकी एक जण सारखा चिडत होता. विचारल्यावर कळलं की त्या ठशात दोन शब्दांमधली जागा नीट दिसत नव्हती आणि तो ते ‘डोल्ट’ असं वाचत होता. डोल्ट म्हणजे मठ्ठ. यंत्र आपल्याला मठ्ठ म्हणतंय असं त्याला वाटलं! मग त्या जागी ओके आलं.

आता त्या बटणाबद्दल एक कळकळीची सूचना. स्क्रीनवरचं ओके ‘वाचलं’ या अर्थाचं नसतं. बहुतेक वेळा ते परवानगी असतं: फोटो बघायची, फोनमधले नंबर घ्यायची, पैसे वळते करायची. आपल्याला तोंडी ओकेची सवय असल्याने बोट लगेच जातं. फोनवर कुणी घाई करत ‘फक्त ओके दाबा’ म्हणत असेल तर फोन ठेवा आणि वर काय लिहिलंय ते घरातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. इंग्रजी येत नाही याची लाज बाळगून दाबलेलं ओके फार महागात पडतं.

डॉक्टर ‘रिपोर्ट ओके आहे’ म्हणाले. निश्चिंत व्हायचं ना?

बहुधा हो. तरी ‘सगळं नॉर्मल आहे का, की सध्या काळजी नाही एवढंच?’ असं विचारून घ्या. डॉक्टरांच्या ओकेत दोन्ही अर्थ असू शकतात. गोळ्या चालू ठेवायच्या की बंद, हेही त्याच वेळी विचारा. घरी येऊन ‘ओके म्हणाले’ एवढंच सांगितलं आणि गोळ्या परस्पर बंद झाल्या, असं नको.

अंगठा आणि पहिलं बोट जुळवून करतात ती खूण सगळीकडे चालते?

नाही. आपल्याकडे ती ‘मस्त’, ‘झकास’ची खूण आहे आणि पाणबुडे पाण्याखाली ‘मी ठीक आहे’ सांगायला तीच वापरतात. जपानमध्ये त्याच खुणेचा अर्थ पैसे असा होतो. ब्राझीलमध्ये ती अश्लील समजतात. परदेशी पाहुण्यांपुढे मान डोलावून हसलेलं बरं.

मराठीत लिहायचं कसं? आणि उच्चार?

‘ओके’. मध्ये टिंबं द्यायची गरज नाही, तो आता लघुरूप म्हणून कुणी वाचत नाही. बोलीतला जोर दाखवायचा असेल तर ‘ओक्के’. इंग्रजीत दोन अक्षरी मोठी लिपी आणि चार अक्षरी पूर्ण स्पेलिंग, दोन्ही बरोबर; एका पत्रात एकच ठेवा. उच्चार करताना जोर दुसऱ्या भागावर द्यायचा: ओ-केऽ. आपण दोन्हींवर सारखा जोर देतो, त्याने समजायला अडचण येत नाही, पण फोनवर परदेशी माणसाशी बोलताना ‘के’ थोडा लांबवला तर स्पष्ट ऐकू जातं.

नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत वापरावा का?

अर्जात नको. ‘आय अॅम ओके विथ नाइट शिफ्ट’ असं लिहिण्यापेक्षा रात्रपाळी करायला तयार आहे असं लिहा. ‘ओके विथ’मध्ये नाइलाजाची छटा येते.

मुलाखतीत तुमच्यापेक्षा समोरच्याच्या ओकेकडे लक्ष द्या. तुमचं उत्तर संपल्यावर मुलाखत घेणारा आवाज चढता ठेवून ‘ओके…?’ म्हणाला, तर त्याला आणखी ऐकायचं आहे. एखादं उदाहरण द्या, आधीच्या कारखान्यात काय काम केलं ते सांगा. आवाज खाली आणून ‘ओके’ म्हणाला आणि कागदाकडे बघितलं, तर तो मुद्दा संपला, आता पुढच्या प्रश्नाची वाट बघा. बरीच मुलं पहिल्या ओकेला गप्प बसतात आणि दुसऱ्या ओकेनंतर बोलत राहतात. वर्गात आम्ही जोड्या करून हाच सराव घेतो: एकाने नुसतं ओके म्हणायचं, वेगवेगळ्या आवाजात, आणि दुसऱ्याने बोलायचं की थांबायचं ते ओळखायचं. घरी भावंडांबरोबर किंवा मित्राबरोबर तुम्हीही करून बघा. मराठीत ‘बरं…?’ आणि ‘बरं.’ यातला फरक आपल्याला न शिकवता कळतो, तोच कान इथे वापरायचा आहे.